मालकी त्याची, कारभार आपला

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतातला तिसरा चाकर चोर नव्हता. धनी दूरदेशी निघाला तेव्हा त्याने आपली मालमत्ता तिघांच्या हवाली केली. एकाला पाच थैल्या दिल्या, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ती एक थैलीसुद्धा क्षुल्लक नव्हती. त्या काळच्या मजुराने सुमारे वीस वर्षे राबून मिळवावी एवढी रक्कम तिच्यात होती. पहिल्या दोघांनी व्यापार करून आपापली रक्कम दुप्पट केली. तिसऱ्याने खड्डा खणला, पैसे पुरले आणि धनी परतल्यावर उकरून जसेच्या तसे त्याच्यापुढे ठेवले. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता. अशा माणसाला आपण सचोटीचा म्हणू, घराच्या किल्ल्या निर्धास्तपणे त्याच्या हाती देऊ. येशूने सांगितलेल्या गोष्टीतला धनी मात्र सर्वांत कठोर शब्द त्यालाच ऐकवतो.

एकच थैली मिळालेल्या माणसावर एवढा राग का, हा प्रश्न प्रत्येक पिढीतल्या वाचकाला पडतो. उत्तर त्या चाकराच्याच बोलण्यात आहे. धनी कडक आहे, न पेरलेल्या शेतातून पीक मागणारा आहे, अशी त्याची पक्की समजूत होती आणि त्या भीतीपोटी त्याने खड्डा खणला. धन्याने त्याच्यावर वीस वर्षांच्या मजुरीएवढा विश्वास टाकला. त्याने धन्यावर तसूभरही टाकला नाही. कारभाराचा प्रश्न म्हणूनच तिजोरीपाशी सुरू होत नाही. आपला धनी कसा आहे याबद्दल मनात खोलवर जी समजूत बसलेली असते, तिथे तो सुरू होतो. देव म्हणजे वसुलीला निघालेला सावकार, असे ज्याला आतून वाटते तो मिळालेले सगळे पुरून ठेवतो आणि त्यालाच सावधपणा समजतो. देव उदार आहे असे ज्याला उमगले, त्याला हात मोकळे सोडता येतात.

देवाच्या देणग्यांचा विश्वासू कारभारी होऊन ख्रिस्ती माणसाने रोजचे आयुष्य कसे जगावे, हा या पुस्तकाचा विषय. आपल्या मराठी मंडळ्यांत हा विषय बहुधा वर्षातून एकदा निघतो. जमाखर्चाची तोंडमिळवणी होत नसते, देवळाचे छप्पर गळत असते, पाळकांचा पगार थकलेला असतो. मग एखाद्या रविवारी मलाखीचा तिसरा अध्याय वाचला जातो आणि दशमांशावर उपदेश होतो. दशमांशाबद्दल मला पूर्ण आदर आहे. तुटपुंज्या कमाईतून तो निष्ठेने बाजूला काढणारी घरे आजही मंडळ्यांचा आधार आहेत. पण दहावा हिस्सा दिला की उरलेले नऊ हिस्से आपले, असा जो हिशेब त्यातून नकळत मनात बसतो, तो पवित्र शास्त्राला मान्य नाही. दाही हिस्से त्याचे. एका हिश्शाचे काय केले हे मंडळी विचारते. नऊ हिश्शांचे काय केले हे देव विचारणार आहे.

चोविसावे स्तोत्र पृथ्वीवरची मालकी पहिल्याच वाक्यात परमेश्वराच्या नावे करून टाकते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बाग मिळते ती मशागत करण्यासाठी आणि राखण्यासाठी. लेवीय तर जमिनीच्या व्यवहाराचा कायदाच सांगतो: जमीन कायमची विकायची नाही, कारण ती तुमची नाही, तुम्ही देवाच्या जमिनीवर राहणारे पाहुणे आहात. त्याच ग्रंथात कापणीचा नियम आहे. शेताच्या कडेचे पीक कापायचे नाही, गळालेली कणसे वेचायची नाहीत; ती गरिबाची आणि परक्याची. या नियमात दानधर्माची भाषा कुठेच नाही. कडेचे पीक शेतकऱ्याने उदार होऊन द्यायचे नव्हते, ते मुळात त्याचे नव्हतेच. परक्या देशातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात कणसे वेचायला गेली ती भीक मागायला गेली नव्हती; देवाने तिच्यासाठी राखून ठेवलेल्या हिश्शावर गेली होती. उपकार करणारा आणि उपकार घेणारा यांच्यातली भिंत मोशेच्या नियमशास्त्राने अशी शेताच्या बांधावरच पाडून टाकली.

नव्या करारात पेत्र हा धागा पुढे नेतो. ज्याला जे कृपादान मिळाले ते त्याने एकमेकांच्या सेवेत लावावे, असे तो लिहितो आणि देवाच्या नानाविध कृपेचे कारभारी असे आपले वर्णन करतो. या शिकवणीतली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सुरुवातीलाच सांगून ठेवतो. देणगी ज्याच्या हाती येते त्याच्यासाठी ती नसते. ती त्याच्या हातून पुढे जाण्यासाठी आलेली असते. देणगी जपली का, वाढवली का, हे प्रश्न आहेतच; पण त्याआधीचा प्रश्न असा की ती आपल्यापाशी येऊन थांबली तर नाही ना? कारभाऱ्याची खरी परीक्षा मिळवताना होत नाही, सोपवताना होते. आणि महाराष्ट्राच्या मातीत ही परीक्षा दिलेली माणसे आपल्याला दूर शोधावी लागत नाहीत.

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की शारदा सदन आणि मुक्ती सदन डोळ्यांपुढे येते. त्यांच्या हाती आलेल्या देणग्यांची साखळी मात्र पुष्कळ आधी सुरू होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी, बाईने संस्कृत शिकू नये हा काळाचा दंडक मोडून पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. लक्ष्मीबाईंनी ती विद्या रानावनात, तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर लेकीला दिली. पुढे दुष्काळाने आई, वडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. उरलेली दोघे भावंडे पायी देश हिंडली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पदरात दोन गोष्टी आधीच होत्या: आईच्या तोंडून आलेली विद्या आणि भुकेची आठवण. दोन्ही त्यांना ख्रिस्ती होण्यापूर्वीच मिळालेल्या. श्रद्धा स्वीकारली म्हणून मागचे सगळे टाकून द्यायचे असते, असे मानणाऱ्यांनी रमाबाईंकडे पाहावे. मागचे जे मिळाले तेही त्याच धन्याचे, असा हिशेब त्यांनी मांडला.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई त्या वेळी पुण्यात शारदा सदन चालवत होत्या; मार्च १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले ते घर पुढच्या वर्षी पुण्याला आले होते. हाती असलेले कामच पेलवेना एवढे होते. तरी त्या निघाल्या, कारण भूक काय करते हे त्यांनी अंगावर सोसले होते, आणि त्या भुकेत सापडलेल्या अनाथ मुलींना, तरुण विधवांना कोण कुठे नेऊन विकते हे त्यांना दिसत होते. सुमारे तीनशे जणींना त्यांनी आणले. पुणे प्लेगच्या सावटाखाली होते. इतक्या जणींना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि शेड उभारून त्यांना नेले. मुक्तीची सुरुवात ही अशी. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता या संख्येकडे कारभाऱ्याच्या नजरेने पाहिले पाहिजे. दोन हजार जीव रोज जेवू घालणे हेच एखाद्याला आयुष्यभराचे पुण्य वाटले असते. रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. केडगावला विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, गाईगुरे आली, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, टोपल्या वळणे आणि छापखाना सुरू झाला. मुलगी मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली आणि अंध मुली वाचू लागल्या. जिला दुष्काळातून हाताला धरून आणले तिने स्वतःच्या हाताने मिळवावे, इतकेच नव्हे, दुसरीला शिकवावे, ही त्या घराची रीत झाली. मदत घेणारी बाई मदत करणारी झाली की मगच देणगी पुढे गेली, असे मानणारा हा कारभार होता.

या कारभाराचे सर्वांत सुंदर फळ मला त्यांच्या बायबलच्या भाषांतरात दिसते. संस्कृतवर असे प्रभुत्व असलेली ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि आयुष्याची शेवटची वर्षे तिने मराठी भाषांतरात घातली. ते करताना तिने जाणूनबुजून संस्कृतप्रचुर मराठी टाळली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नुकत्याच अक्षरे लावू लागलेल्या बाईला कळेल अशी भाषा तिला हवी होती. पांडित्य ही तिची सर्वांत मोठी थैली. तिने ती मिरवली नाही, गरिबाच्या घरात सुट्या नाण्यांनी वाटली. आणि हे भाषांतर छापले कोणी? मुक्तीतल्या बायकांनी, मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या त्या बोटांत दुष्काळातून वाचलेल्यांची बोटे होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. ज्यांच्या हाती काम सोपवले होते, त्यांनी ते पुरे केले.

रमाबाईंच्या कारभारावर आक्षेप आले नाहीत असे नाही. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. आईबापांनी शिक्षणासाठी विश्वासाने पाठवलेल्या मुली, आणि आपली श्रद्धा लपवून ठेवणे ज्यांना शक्य नव्हते अशा रमाबाई, या दोहोंमधला तो पेच होता. तो सोपा नव्हता आणि त्यात एकाच बाजूला सगळा दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. पण ख्रिस्ती वाचकाने त्यातून एवढे नक्की घ्यावे की कारभारी देवाला जबाबदार असतो म्हणून माणसांच्या प्रश्नांपासून सुटत नाही. ज्यांनी लेक सोपवली त्यांना विचारण्याचा हक्क आहे.

दुसरे उदाहरण आपल्या आठवणीच्या टप्प्यातले आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले जामखेड हे कायम पावसाची वाट पाहणारे गाव. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले पतिपत्नी १९७० साली तिथे आले. १९६० मध्ये लग्न करतानाच खेड्यातल्या गरिबांसाठी राहायचे असे दोघांनी ठरवले होते. जिल्ह्यातल्याच वडाळा इथल्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षे काम केले आणि तिथे एक गोष्ट त्यांना टोचत राहिली. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि तोच आजार घेऊन परत येतो. दवाखाना कितीही चांगला चालवला तरी गावातले पाणी, गावातली भूक, गावातली जात आणि बाईची अवस्था दवाखान्याच्या दाराबाहेरच राहते.

जामखेडला त्यांनी सुरुवातीला प्रशिक्षित नर्सना खेड्यांत पाठवून पाहिले. ते फारसे जमले नाही. बाहेरून आलेली एकटी तरुण नर्स गावात रुजेना. मग गावातूनच सूचना आली की आमच्यातलीच बाई का नाही निवडत? त्यातून ग्रामआरोग्य सेविका उभ्या राहिल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. या बायका आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत आणि गावी जाऊन शिकवत. पोटातल्या बाळाची स्थिती हाताने ओळखणे, जुलाब लागलेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी देणे, बाळंतपण स्वच्छ हातांनी करणे, कुष्ठरोगाचा चट्टा सुरुवातीलाच हेरणे. गावातल्या पुरुषांची शेतकरी मंडळे झाली, बायकांची महिला मंडळे झाली. १९७२ च्या दुष्काळात अन्न आणि पाणी यांचे काम आधी हाती घ्यावे लागले. हापसे दलित वस्तीत बसवावेत, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांना तिथे यावे लागेल, हा आग्रहही त्याच काळातला. सुरुवातीला तिथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे पावणेदोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत होती. दोन-अडीच दशकांत तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवायला उभ्या राहत त्या याच खेड्यांतल्या बायका.

ही गोष्ट मी इतक्या तपशिलाने सांगतो याचे कारण आहे. पैसा देणे अवघड आहे. ज्ञान देऊन टाकणे त्याहून अवघड. पैसा दिला तर देणारा थोडा गरीब होतो, पण त्याचा मान वाढतो. ज्ञान दिले तर मान वाटला जातो. डॉक्टरच्या हातातले जे कसब निरक्षर बाईच्या हातात गेले, त्याबरोबर डॉक्टरची मक्तेदारीही गेली. आरोळे दांपत्याने ती जाणीवपूर्वक सोडली आणि ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले त्या कृतीत मला या सोडण्याचे मूळ दिसते. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले. काम थांबले नाही, कारण ते त्यांच्यापाशी साठवलेलेच नव्हते.

आता घरातल्या दुखण्याकडे वळावे लागेल. मिशनऱ्यांनी मराठी मंडळ्यांना शाळा दिल्या, दवाखाने दिले, वसतिगृहे दिली, मोठमोठी आवारे दिली. मुंबईत १८१३ साली आलेल्या अमेरिकन मराठी मिशनपासून ही पुंजी साठत आली. आज यातल्या कित्येक मिळकतींची अवस्था काय आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. कुठे विश्वस्तांमध्ये कोर्टकचेऱ्या, कुठे पडके बंगले, कुठे शाळेचे मैदान विकून उभ्या राहिलेल्या इमारती. एका मंडळीच्या वार्षिक सभेत मी बसलो होतो. हिशेब वाचून दाखवा अशी विनंती एका वृद्ध विधवेने केली आणि तिला, बाई, तुम्ही प्रार्थना करा, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी मला झालेले दुःख अजून गेलेले नाही. त्या बाईने जे मागितले तीच प्रार्थना होती. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कारण या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये अशी त्याची काळजी होती. हे त्याने करिंथकरांना स्वतः लिहिले आहे. प्रेषिताला जे कमीपणाचे वाटले नाही ते पंचकमिटीला वाटू नये.

पैशाचीच गोष्ट निघाली आहे तर त्याच्या उलट टोकाबद्दलही स्पष्ट बोलतो. देवाला शंभर द्या, तो हजार परत करील, असे शिकवणारा एक उपदेश अलीकडे टीव्हीवरून आणि मोबाइलवरून घराघरांत शिरला आहे. कर्जात बुडालेले कुटुंब शेवटचे दागिने त्यापायी देऊन बसते. याला कारभार म्हणत नाहीत. यात देव पुन्हा तोच सावकार झाला, फक्त या वेळी व्याज देणारा. दृष्टांतातल्या तिसऱ्या चाकराची धन्याविषयीची चुकीची समजूत इथे नव्या कपड्यांत येते.

खरे देणे कसे दिसते ते पाहायचे असेल तर गरिबाच्या घरात जावे. यरुशलेमच्या मंदिरात दोन दमड्या टाकणारी विधवा येशूने शिष्यांना बोलावून दाखवली. मिझोरममध्ये १९१० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या बायकांनी एक रीत घातली: रोजच्या स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ मंडळीसाठी वेगळी ठेवायची. पैसे हातात नसलेल्या बायकांनी काढलेली ही वाट अजून चालू आहे आणि तिथल्या मंडळीच्या सेवेचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे. आपल्याकडच्या खेड्यांतही हंगाम घरात आला की उपकारस्मरणाची उपासना होते. ज्वारी-बाजरीची पोती, भोपळे, शेंगा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असे सगळे वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. शहरातल्या मंडळ्यांत आता पाकिटे येतात. पाकिटात काही वाईट नाही, पण आपल्या कष्टाचे फळ डोळ्यांनी पाहत देवापुढे ठेवण्यात जे शिक्षण होते ते मुलांना मिळेनासे झाले आहे, याची मला खंत वाटते.

जॉन वेस्लीबद्दल एक हकीकत सांगितली जाते. तरुणपणी ऑक्सफर्डमध्ये वर्षाला तीस पौंड मिळत तेव्हा तो अठ्ठावीसमध्ये भागवी आणि दोन देऊन टाकी. पुढे मिळकत साठ झाली, तरी त्याचा खर्च अठ्ठावीसच राहिला. पगारवाढ झाली की आपण आधी राहणीमान वाढवतो आणि मग देण्याचा विचार करतो. त्याने उलट केले.

जमीन आणि पाणी या देणग्यांकडे आपल्या मंडळ्यांचे लक्ष उशिरा गेले. अपवाद वसईचा. केळी, पानवेली, फुले आणि गोड्या विहिरी यांवर जगणारा तिथला ख्रिस्ती शेतकरी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांच्या आणि टँकरच्या तावडीत सापडला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. धर्मगुरूने रस्त्यावर उतरावे का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. फादरांचे उत्तर त्यांच्या आयुष्याने दिले. विहिरीचे पाणी ज्याने निर्माण केले त्याची आराधना करायची आणि विहीर आटताना गप्प बसायचे, हे त्यांना जमले नाही. समितीच्या मोर्चांत ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळे होते, आणि तेच योग्य होते. भूजल बाप्तिस्म्याचा दाखला पाहून वाहत नाही. याच माणसाने पुढे 'सुबोध बायबल' लिहिले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. शब्द आणि पाणी या दोन्हींचा कारभार त्यांनी एकाच निष्ठेने केला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या काळजीबद्दलचे परिपत्रक काढले तेव्हा वसईच्या लोकांना ते आपल्याच लढ्याचे वाटले असेल.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. कारभारीपणाची शिकवण दुबळ्याच्या पाठीवर चाबूक म्हणूनही वापरली जाते. सासरी राबून खंगलेल्या सुनेला, सेवा हेच तुझे कृपादान, असे सांगणारे लोक आहेत. वर्षानुवर्षे विनामोबदला घंटा वाजवणाऱ्या, झाडू मारणाऱ्या देवळाच्या शिपायाला स्वर्गातल्या वेतनाची आठवण करून दिली जाते. शरीर ही पहिली देणगी, आणि तिची राखण हाही कारभारच. सहा दिवस काम आणि सातवा विसावा, हा नियम देवाने गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना दिला, हे विसरू नये. ज्याने विटा पाडण्यात पिढ्या घालवल्या त्याला विश्रांतीचा हक्क देवाने स्वतः लिहून दिला. दृष्टांतातला धनी प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे देतो. दोन थैल्यांवाल्याकडून पाच थैल्यांचा नफा त्याने मागितला नाही, आणि दोघांचे कौतुक एकाच शब्दांत केले.

आणि काम अपुरे राहिले तर? बहुतेकांचे राहतेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभारायला निघाले. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचा मृत्यू झाला. येशूचे चरित्र ओवीत सांगणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले होते. त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी उचलले. या बाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकल्या, तो ख्रिस्ती झाला तेव्हा काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या आणि मग स्वतःच्या विचाराने १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घरातली भांडीकुंडी लोकांना देऊन टाकली म्हणजे संसार कसा ओढायचा, या प्रश्नाशी त्या आयुष्यभर झुंजल्या, आणि 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ते कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले. उदार नवऱ्याच्या कारभाराचा भार बायकोवर कसा पडतो, हे ख्रिस्ती वाचकाने त्या पुस्तकातून जरूर समजून घ्यावे. त्याच लक्ष्मीबाईंनी उतारवयात 'ख्रिस्तायना'चे साठांहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातला बहुतांश भाग जिने लिहिला, तिला अक्षरओळख करून देणारा नवरा आणि तिने पुरा केलेला ग्रंथ ज्याने सुरू केला तो कवी, एकच माणूस होता.